दोन्ही जांघांचा हर्निया आणि तीन एस्टिमेट: नागपुरातलं एक प्रकरण

या प्रकरणातले रुग्ण, डॉक्टर आणि रुग्णालयं यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. रकमा हजाराच्या किंवा शंभराच्या आसपास आणल्या आहेत. त्या या एका प्रकरणापुरत्याच धराव्यात, नागपूरचा दर म्हणून नव्हे.

पार्श्वभूमी

रुग्ण ५६ वर्षांचे. कळमना बाजारात संत्र्याची अडत. हमाल असले तरी लिलावाच्या घाईत वीस-वीस किलोचे कॅरेट स्वतः सरकवण्याची सवय. उजव्या जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन २०१२ मध्ये उघड्या पद्धतीनं झालं होतं आणि समोरून जाळी बसवली होती. आता डाव्या बाजूला आठ महिन्यांपासून फुगवटा होता. झोपलं की आत जायचा, दुपारपर्यंत अंडकोषाकडे उतरायचा. तपासताना उजवीकडेही जुन्या व्रणाच्या आतल्या अंगाला खोकल्यावर बोटाला धक्का लागला. म्हणजे डावा हर्निया नवा, उजवा परतलेला.

रक्तदाब गोळीवर आटोक्यात, साखर ठीक. रात्री दोनदा लघवीला उठणं, धार बारीक. आणि तीस वर्षांचा खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण). तोंड जेमतेम अडीच बोटं उघडत होतं. ही शेवटची नोंद सर्जनच्या पहिल्या कागदावर नव्हती. पुढे ती भूलतज्ज्ञांनी घातली आणि निर्णयात तिचं वजन बरंच पडलं.

कुटुंबाची पाच लाखांची फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच विमा रक्कम असलेली) पॉलिसी चार वर्षं जुनी होती. हर्नियासाठीची दोन वर्षांची प्रतीक्षा संपलेली. खोलीभाडं दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५,००० रुपयांपर्यंत. ‘आधुनिक उपचार’ या सदराखाली २५ टक्क्यांची, म्हणजे १,२५,००० रुपयांची उपमर्यादा. ही ओळ घरात कुणीच वाचलेली नव्हती.

ऑगस्टचा शेवट होता. ऑक्टोबरपासून आंबिया बहाराचा माल कळमन्यात यायला लागतो आणि डिसेंबरपर्यंत गादी सोडता येत नाही. ऑपरेशन करायचं तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, नाहीतर थेट जानेवारीत.

अडचण

रामदासपेठेतल्या एका मोठ्या रुग्णालयानं रोबोटिक शस्त्रक्रियेचं एस्टिमेट दिलं २,८८,००० रुपयांचं. धंतोलीतल्या मध्यम आकाराच्या रुग्णालयानं दुर्बिणीच्या ऑपरेशनचं दिलं १,४२,५०० रुपयांचं. फरक १,४५,५००. मुलगा रोबोटच्या बाजूनं होता: बाबांचा एकदा परत आलाय, आता चांगलंच करू. रुग्णांचा प्रश्न वेगळा होता, “मशीनच ऑपरेशन करते तं डॉक्टरचे एवढे पैसे काहून?”

त्याचं उत्तर सोपं आहे. रोबोट स्वतःहून काहीच करत नाही. सर्जन काही फुटांवरच्या कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतो, रुग्णापाशी दुसरा डॉक्टर उभा असतो. त्यामुळे सर्जनची फी कमी होत नाही, यंत्राची फी वर चढते. मुलाच्या मुद्द्याला मात्र एका वाक्यात उत्तर नव्हतं. दोन रुग्णालयं, दोन सर्जन, दोन पद्धती आणि दोन दर्जाच्या खोल्या यांची एकाच आकड्यात सरमिसळ झाली होती, आणि ती वेगळी केल्याशिवाय रोबोटसाठी नक्की किती मोजतोय हे कळणार नव्हतं.

हिशेब उलगडताना

पहिली गोष्ट केली ती अशी: रामदासपेठेच्याच रुग्णालयाला विचारलं की हेच ऑपरेशन, हेच सर्जन, हीच खोली, पण दुर्बिणीनं केलं तर किती? उत्तर आलं १,७८,०००. तिन्ही एस्टिमेट ओळीनं लावली ती अशी, रोबोटिक, त्याच रुग्णालयात दुर्बीण आणि धंतोलीत दुर्बीण या क्रमानं:

सर्जन व सहायक: ६०,००० / ५६,००० / ४५,०००
भूल: १८,००० / १८,००० / १३,०००
ओटी (शस्त्रक्रियागृह): २५,००० / २५,००० / २४,०००
रोबोट वापर: ९०,००० / – / –
रोबोटची उपकरणं, ड्रेप (निर्जंतुक आवरण), सील: ३८,००० / – / –
दोन जाळ्या: २४,००० / २४,००० / १८,०००
टॅकर: – / २२,००० / १९,५००
खोली, दोन दिवस: १३,००० / १३,००० / ९,०००
औषधं व साहित्य: १७,००० / १७,००० / ११,०००
तपासण्या: ३,००० / ३,००० / ३,०००

म्हणजे रोबोटची स्वतःची जादा किंमत १,१०,०००. उरलेले ३५,५०० इमारतीचे, खोलीचे आणि त्या रुग्णालयाच्या दराचे. मुलगा ‘रोबोटचे’ म्हणून जे दीड लाख धरून बसला होता, त्यातला जवळपास चौथा हिस्सा रोबोटचा नव्हताच.

टॅकरच्या ओळीवर थांबायला हवं. जाळी हाडाजवळच्या घट्ट बंधाला किंवा स्नायूला टोचून बसवणारं हे एकदा वापरायचं उपकरण. रोबोटच्या मनगटासारख्या वळणाऱ्या टोकांमुळे आत टाके घालणं सोपं जातं, म्हणून तिथे टॅकर बहुधा लागत नाही आणि रोबोटचे तेवढे पैसे वाचतात. हा मुद्दा रोबोटची बाजू मांडणारे सांगतात आणि तो खराही आहे. पण दुर्बिणीतून हातानं टाके घालणारा सर्जन असेल तर तीच बचत तिथेही होते.

रोबोटच्या दोन ओळी एवढ्या का फुगतात? उपकरणं मोजून वापरायची असतात. दा विंची या शस्त्रक्रियेच्या रोबोट यंत्रणेच्या प्रत्येक उपकरणात चिप असते. ठरलेले वापर संपले की यंत्र ते उपकरण स्वीकारत नाही, मग ते दिसायला कितीही धडधाकट असो. अनेक वर्षं ही मर्यादा बहुतेक उपकरणांना १० वापरांची होती. २०२० पासून काही उपकरणांची १२ ते १८ पर्यंत वाढवली गेली. जांघेच्या हर्नियाला साधारण तीन उपकरणं लागतात: पकडायचं आणि विजेनं रक्तस्राव थांबवायचं बायपोलर, कात्री आणि सुईधारक. शिवाय कात्रीच्या टोकाचं आवरण, प्रत्येक हाताचा निर्जंतुक ड्रेप आणि पोर्टचे (पोटात शिरायच्या नळ्यांचे) सील हे दर वेळी नवे. दुर्बिणीची उपकरणं वर्षानुवर्षं वाफेनं निर्जंतुक (ऑटोक्लेव्ह) करून वापरतात, त्यांचा एका ऑपरेशनमागचा खर्च नगण्य.

‘रोबोट वापर’ ही दुसरी ओळ भांडवलाची. समजा यंत्र १२ कोटींचं, आयुष्य सात वर्षं, देखभाल करार वर्षाला ८० लाखांचा आणि वर्षाला २५० ऑपरेशनं. दर ऑपरेशनच्या वाट्याला एक लाख येतात. तीच संख्या ५०० झाली तर पन्नास हजार. म्हणून यंत्र नवं आणि ऑपरेशनं कमी असली की रुग्णालयाला साधी ऑपरेशनंही रोबोटवर घ्यावीशी वाटतात. त्यात लबाडीच असते असं नाही, पण सल्ला ऐकताना हे गणित माहीत असावं. २०२२ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या एसएसआय मंत्रसारख्या देशी यंत्रणाही आता आहेत, तेव्हा ‘रोबोट कोणता’ हेसुद्धा विचारायचं.

विम्यानं चित्र बदललं

विमा नियामकानं २०१९ च्या सूचनांत रोबोटिक शस्त्रक्रियेसह बारा आधुनिक उपचार पॉलिसीतून वगळता येणार नाहीत असं सांगितलं, पण त्यांवर उपमर्यादा घालायची मुभा ठेवली. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ती विमा रकमेच्या ५० टक्के आहे. या कुटुंबाच्या पॉलिसीत २५ टक्के. ही मर्यादा एकट्या रोबोटच्या भाड्याला लागत नाही, त्या उपचारासाठीच्या सगळ्या बिलाला लागते. म्हणजे २,८८,००० पैकी विमा देणार जास्तीत जास्त १,२५,००० आणि खिशातून जाणार १,६३,०००. शिवाय ५,००० च्या वरच्या खोलीभाड्यावर २०२२ पासूनचा ५ टक्के जीएसटी.

त्याच रुग्णालयात दुर्बिणीनं केलं तर उपमर्यादा लागत नाही, पण खोली आडवी येते. भाडं ६,५०० आणि मर्यादा ५,००० असली की नुसते दीड हजार कापले जात नाहीत. सर्जन, भूल आणि ओटीची रक्कमही त्याच प्रमाणात कापतात. इथे त्या तिन्हींची बेरीज ९९,०००, कपात सुमारे २२,८००. औषधं, जाळी आणि तपासण्या या कपातीतून सुटतात. दोघांत एक खोली ४,८०० ला होती. ती घेतली की ही सगळी कपात गेली. कॅशलेसच्या खिडकीवर हे आपणहून क्वचितच कोणी सांगतं.

धंतोलीत खोली ४,५०० ची. खिशातून जाणार होते फक्त हातमोजे-किटसारख्या न देय वस्तूंचे सहा-सात हजार.

एस्टिमेटमधला फरक १,४५,५०० चा. खिशातला फरक १,५५,००० च्या वर.

पर्याय आणि त्यांचं वजन

*थांबणं.* कमी त्रासाच्या हर्नियात लक्ष ठेवून थांबणं पुरुषांसाठी सुरक्षित मानलं जातं. अमेरिकेतल्या २००६ च्या चाचणीत हर्निया बाहेरच अडकून बसण्याचं प्रमाण हजार रुग्ण-वर्षांमागे दोनपेक्षाही कमी निघालं. पण इथे हर्निया अंडकोषाकडे उतरत होता, दुखत होता आणि हंगाम वजन उचलण्याचा होता. जानेवारीपर्यंत नेण्याचा विचार सोडला.

*उघडी पद्धत.* सर्वांत स्वस्त, सत्तर-ऐंशी हजारांत आणि कमरेखाली सुन्न करून. खर्ऱ्यानं आखडलेल्या तोंडासाठी हा मोठा फायदा होता, कारण दुर्बीण असो की रोबोट, पूर्ण भूल आणि घशात नळी दोन्हींत लागते. पण उजवीकडे समोरून एकदा जाळी बसलेली. तिथे पुन्हा समोरूनच शिरायचं म्हणजे व्रणात अडकलेल्या नसा आणि वीर्यनलिका यांना धोका. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा सल्ला स्पष्ट आहे: समोरची दुरुस्ती फसली तर मागून (म्हणजे पोटाच्या आतून, दुर्बिणीनं किंवा रोबोटनं जातात तसं) जा, मागची फसली तर समोरून. दोन्ही बाजूंचा असेल तरीही मागूनच, एकाच बैठकीत.

*सरकारी रुग्णालय.* मेडिकल किंवा मेयोत खर्च फारच कमी झाला असता. हंगामाआधीची पक्की तारीख हवी होती म्हणून हा पर्याय बाजूला पडला.

*रोबोट की दुर्बीण.* मागून जायचं ठरल्यावर खरी निवड एवढीच उरली. आत जे करायचं ते दोन्हींत एकच: पेरिटोनियमचा पडदा (पोटाचं आतलं अस्तर) उघडायचा, हर्नियाची पिशवी ओढून घ्यायची, जांघेचा सगळा कमकुवत भाग मोकळा करायचा, मोठी जाळी अंथरायची, पडदा मिटायचा. रोबोट सर्जनला त्रिमितीय चित्र, वळणारी टोकं आणि बसायला खुर्ची देतो. स्पर्शाची जाणीव मात्र बहुतेक यंत्रणांत मिळत नाही. रुग्णाला काय मिळतं, याचं उत्तर २०२० मध्ये ‘जामा सर्जरी’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अमेरिकी चाचणीत पाहता येतं. एका बाजूच्या हर्नियाच्या १०२ रुग्णांत वेदना आणि महिन्याभरातल्या तब्येतीत फरक दिसला नाही. वेळ मात्र रोबोटला साधारण ७५ मिनिटं, दुर्बिणीला ४०. खर्च ३,२५८ डॉलर विरुद्ध १,४२१. आपले रुग्ण दोन्ही बाजूंचे आणि एक परतलेला, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण समोरच्या जाळीनंतर मागची जागा कोरी असते. तिथे काम करताना हर्निया ‘परतलेला’ आहे याची अडचण फारशी येत नाही. प्लग (छिद्रात बुचासारखी घातलेली जाळी) बसवला असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या डिस्चार्ज कार्डावर नुसती सपाट जाळी लिहिली होती.

दोन्ही सर्जनना तेच चार प्रश्न विचारले: या पद्धतीनं वर्षाला किती हर्निया करता, परतलेले किती, जाळी कशानं बसवता, पडदा कशानं मिटता? रामदासपेठेच्या सर्जनची रोबोटवर जांघेची सुमारे चाळीस ऑपरेशनं झाली होती, दुर्बिणीचा अनुभव पंधरा वर्षांचा. “हेच मी दुर्बिणीनंही तितकंच चांगलं करीन,” असं त्यांनी सरळ सांगितलं. धंतोलीचे सर्जन वर्षाला शंभरावर करत होते आणि पडदा टाक्यांनीच मिटत होते.

निर्णयाला कलाटणी देणारी तपासणी

एस्टिमेटवर खल चालू असतानाच भूलपूर्व तपासणी झाली. अडीच बोटं तोंड, ताठर गाल. भूलतज्ज्ञांनी अवघड श्वासमार्ग अशी नोंद केली, व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (घसा पडद्यावर दाखवत नळी घालायला मदत करणारं उपकरण) लागेल आणि फायबरऑप्टिक (लवचीक दुर्बीण) बाजूला तयार ठेवावा लागेल असं सांगितलं. रोबोटबद्दल त्यांचा मुद्दा व्यवहाराचा होता: डोकं खाली करून टेबल वाकवलेलं, यंत्राचे हात पोर्टला जोडलेले, वेळ जास्त. मध्येच नळीची अडचण आली तर आधी यंत्र सोडवावं लागतं. हे घडतं क्वचितच. पण लाखभर जास्त देऊन तो वाढीव धोका का पत्करायचा, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. धंतोलीत दुर्बिणीनं करायचं ठरलं. टॅकर ओटीत ठेवायचा, पण गरज पडली तरच त्याचं पाकीट फोडायचं, हेही लेखी घेतलं.

प्रत्यक्षात

कॅशलेसचा अर्ज गेला आणि अडला. ‘परतलेला हर्निया’ वाचून टीपीएनं (विमा कंपनीच्या वतीनं दावे हाताळणाऱ्या संस्थेनं) २०१२ चं डिस्चार्ज कार्ड आणि प्रस्ताव अर्जाची प्रत मागितली. पॉलिसीला सलग पाच वर्षं झालेली नसली की माहिती दडवल्याचा आक्षेप कंपनी घेऊ शकते. सुदैवानं अर्जात जुनं ऑपरेशन लिहिलेलं होतं. कागद मुलाला जुन्या घरी सापडले, पाच दिवस गेले, तारीख पुढे गेली.

नळी व्हिडिओ लॅरिंगोस्कोपनं दुसऱ्या प्रयत्नात बसली. बेंबीपाशी १० मिलिमीटरचं आणि दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटरचं, अशी तीन छिद्रं. पोट फुगवणाऱ्या वायूचा दाब १२ मिलिमीटर पारा. डावीकडे लांब पिशवी होती. ती पूर्ण ओढण्याच्या नादात वीर्यनलिकेच्या रक्तवाहिन्या दुखावतात म्हणून मधून कापून पुढचा भाग तसाच सोडला. उजवीकडे मात्र सोनोग्राफीपेक्षा मोठं छिद्र निघालं, आतल्या बाजूचं, तीन बोटं शिरतील एवढं. अशा छिद्रात जाळी न टाचता ठेवली तर ती आत खेचली जाऊ शकते. टॅकर फोडला, कूपरच्या बंधावर (हाडाजवळचा तो घट्ट बंध) दोन आणि स्नायूवर एक टाचणी मारली. बाहेरच्या-खालच्या भागात एकही नाही, कारण तिथे नसा जातात आणि तिथली टाचणी म्हणजे वर्षानुवर्षांचं दुखणं. दोन्हीकडे १५ बाय १२ सेंटिमीटरच्या जाळ्या, मध्यरेषेवर एकमेकींवर थोड्या चढवलेल्या. पडदा टाक्यांनी मिटला. वेळ एक तास पन्नास मिनिटं.

रात्री लघवी अडली. कॅथेटर (लघवीची नळी) घालावा लागला, टॅम्सुलोसिन (लघवीची वाट सैल करणारं औषध) सुरू केलं, दुसऱ्या दिवशी नळी काढल्यावर धार मोकळी झाली आणि संध्याकाळी घरी सोडलं.

अंतिम बिल १,४७,८०० रुपये. वाढ ५,३०० ची: व्हिडिओ लॅरिंगोस्कोप २,५००, कॅथेटर आणि त्याचं साहित्य १,३००, औषधं १,५००. विम्यानं १,३९,६०० मंजूर केले. खिशातून ८,२०० गेले, त्यात ५,७०० न देय वस्तूंचे आणि २,५०० लॅरिंगोस्कोपचे. ते भुलेच्या शुल्कातच धरलेले आहेत असं विमा कंपनीचं म्हणणं.

तिसऱ्या आठवड्यात उजव्या जांघेत पुन्हा लिंबाएवढी गाठ आली आणि घरात धरणीकंप झाला. खोकल्यावर ती हलत नव्हती, सोनोग्राफीत नुसतं पाणी दिसलं. मोठं छिद्र बुजवल्यावर त्या पोकळीत द्रव साचतो. सुई घालून काढण्याचा मोह टाळायचा, कारण त्यानं जंतू जाळीपर्यंत पोचू शकतात. सातव्या आठवड्यापर्यंत ती विरली. रुग्ण गादीवर नवव्या दिवशी बसले होते. कॅरेटला हात लावायची परवानगी सहाव्या आठवड्यानंतर मिळाली.

काय वेगळं करता आलं असतं

भूलतज्ज्ञांची तपासणी एस्टिमेट मागण्याआधी व्हायला हवी होती. विदर्भात तोंड किती उघडतं हे पहिल्याच भेटीत, रक्तदाबासोबत लिहिण्यासारखं आहे. ते आधी कळलं असतं तर लॅरिंगोस्कोपचे पैसे भुलेच्या ठरलेल्या रकमेत घालून घेता आले असते आणि नंतरची कपात टळली असती.

टॅकरबद्दल दोन मतं होऊ शकतात. १९,५०० च्या उपकरणातून तीन टाचण्या वापरल्या गेल्या. टाके घालण्यात हात बसलेल्या या सर्जनना जाळी कूपरच्या बंधाला दोन टाक्यांनीही बांधता आली असती. वेळ दहा-पंधरा मिनिटं वाढला असता. अवघड श्वासमार्ग असताना त्यांनी वेळ वाचवला, आणि ते पटण्यासारखं आहे. विमा नसलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न आधीच काढावा.

लघवी अडणं अनपेक्षित नव्हतं. बारीक धार पहिल्या दिवसापासून कागदावर होती. टॅम्सुलोसिन काही दिवस आधी सुरू करून आणि सलाइन हात राखून देऊन ते कदाचित टळलं असतं.

रोबोट कुठे विचारात घ्यावा, हेही या निमित्तानं नोंदवायला हवं. समोरून आणि मागून अशा दोन्ही दुरुस्त्या फसल्या असतील, प्रोस्टेटच्या मोठ्या ऑपरेशननंतरची जांघ असेल किंवा पोटाच्या भिंतीचा मोठा हर्निया स्नायूंचे थर वेगळे करून दुरुस्त करायचा असेल, तिथे रोबोटची तुलना दुर्बिणीशी होतच नाही, ती उघड्या ऑपरेशनशी होते. मोठा छेद, जास्त दिवसांचा मुक्काम आणि जखमेच्या तक्रारी हे दुसऱ्या पारड्यात आले की लाखभराचा फरक भरून निघू शकतो. अर्थात तो सर्जन ते ऑपरेशन रोबोटवर नेमानं करत असेल तर.

या रुग्णांना पुढे प्रोस्टेटचं ऑपरेशन लागलंच तर यूरोसर्जनला मागच्या जाळ्या कुठवर आहेत हे कळावं लागेल. म्हणून ऑपरेशनची टिपणं, दोन्ही जाळ्यांचे स्टिकर आणि टाचण्यांच्या जागा दाखवणारं चित्र अशी एक प्रत डिस्चार्ज कार्डासोबत मागून घेतली, आणि २०१२ चे कागद त्याच फायलीत लावले.